सिरियल पोर्टवरून डेटा वाचताय? या चुका टाळा

सिरियल पोर्ट, म्हणजे उपकरणाकडून एकेक बिट करत डेटा येतो ती जोडणी, उघडला, स्क्रिप्ट चालली, आकडेही आले, म्हणजे काम झालं असं समजू नका.

भोसरीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचा डेटा घ्यायचा होता. काट्यावर १२.४८० किलो दिसायचं, नोंदीत मात्र मध्येच १ किलो आणि लगेच खाली २.४८० किलो. एरर कुठेच नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलाने काट्यालाच दोष दिला, मग कोडमध्ये अर्ध्या सेकंदाचा स्लीप, म्हणजे थांबा, टाकला आणि सुटलं म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

हिशोब साधा आहे. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. वजन आणि ओळ संपल्याची दोन चिन्हं (कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड) मिळून आठ अक्षरं, म्हणजे आठ मिलिसेकंद. तेवढ्यात तुमचा लूप कितीतरी वेळा फिरतो आणि बफरमध्ये, म्हणजे आलेले बाइट थांबतात त्या जागेत, जे असेल ते उचलतो. म्हणून आलेले बाइट साठवत जा, ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढाच तुकडा तोडा, उरलेलं पुढच्या ओळीसाठी ठेवा. स्लीप टाकून वेळ मारून नेणं मला अजिबात पटत नाही. चूक तशीच राहते, फक्त कमी वेळा दिसते.

ही खूणही गृहीत धरू नका. काही उपकरणं नुसता कॅरेज रिटर्न पाठवतात. पायसिरियल या पायथन लायब्ररीचं रीडलाइन लाइन फीडची वाट बघतं आणि टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ते, दिलं नसेल तर तिथेच अडकून बसतं. मी आधी कच्चे बाइट छापून बघतो, मगच कोड लिहितो.

काहीच येत नसेल तर कोड उपसण्याआधी केबल बघा. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तापकीर गल्लीतून आणलेला नऊ पिनांचा कनेक्टर, २ आणि ३ नंबरच्या पिना डाग देऊन जोडलेला, माझ्या बॅगेत कायम असतो. पाठवलेलं तसंच परत आलं की पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक. बॉड रेट मात्र यात कळत नाही, तो मॅन्युअलमध्येच बघा. पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायला जोडलेल्या बिटची सेटिंग, तीही तिथेच.

उबुंटू-डेबियनसारख्या लिनक्सवर पोर्ट उघडायला परवानगी नाकारली तर स्वतःला डायलआउट या युजर ग्रुपमध्ये घाला. दरवेळी सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, नको.

अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड पोर्ट उघडताच रिसेट होतो, दोन सेकंद थांबा. इथे स्लीप रास्त आहे.

आणि आरएस-२३२ ची, म्हणजे जास्त व्होल्टेजवर चालणाऱ्या जुन्या सिरियल पोर्टची, तार थेट ३.३ व्होल्टच्या बोर्डाला कधीही जोडू नका. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ सारखी चिप लागतेच, नाहीतर बोर्ड जातो.