जुनं इंग्रजी साहित्य घरी शिकवताय? या चुका टाळा

"वाचलंस ना? मग सारांश लिहून दाखव." हे वाक्य आधी बंद करा. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते.

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चौसर. त्याच्या 'कँटरबरी टेल्स' या यात्रेकरूंच्या गोष्टींची प्रस्तावना 858 ओळींची. लेकीला दोन आठवडे दिले होते, तिने आठ दिवसांत संपवली आणि सुबक सारांशही लिहिला. मी खूश! मग सहज विचारलं, "त्या प्रायोरेसचे कुत्रे काय खातात गं?"

"कुत्रे? कुठले कुत्रे?"

प्रायोरेस म्हणजे मठातली मोठी नन. तिचं वर्णन आहे जेमतेम 45 ओळींचं. ते आम्ही पुन्हा वाचायला घेतलं आणि त्यात तीन संध्याकाळी गेल्या. आधी तिचं लाजरं हसू येतं, मग तिचं फ्रेंच, मग जेवणाची रीत: ओठांतून घास निसटत नाही, बोटं रश्श्यात बुडत नाहीत, पेल्यात तेलाचा ठिपका राहत नाही. एवढं सगळं झाल्यावर कुठे चौसर म्हणतो, आता तिच्या अंतःकरणाविषयी. आणि ते अंतःकरण कळवळतं सापळ्यातल्या उंदरासाठी, नाहीतर भाजलेलं मांस, दूध आणि उंची पाव खाणाऱ्या तिच्या छोट्या कुत्र्यांसाठी. टोमणा एकही नाही. उलट ती फार दयाळू आहे, असंच तो म्हणतो. लेक जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, हिला माणसं दिसतच नाहीत का?" हे काही तिच्या सारांशात नव्हतं.

तेव्हापासून एका बैठकीला वीस ओळी, हातात पेन्सिल, आणि प्रश्न तीनच: आधी काय आलं, मग काय आलं, काय आलंच नाही? पंधरा दिवसांत चौसर 'उरकायचा' असेल त्यांनी तो घेऊच नये, असं माझं मत आहे. इंटरनेटवरच्या तयार सारांशांबद्दल तर मी बोलतच नाही.

दुसरी चूक ओळखीच्या शब्दांची. अनोळखी शब्दाला मूल अडतं आणि अर्थ बघतं. फसवतो तो ओळखीचा वाटणारा. याच वर्णनात 'ॲट मेट' असं येतं. लेकीने ते 'मांस खाताना' असं धरलं आणि मीही मान डोलावली. तिथे त्याचा अर्थ नुसता 'जेवताना'. चौसरच्या काळात 'नाइस' म्हणजेही मूर्ख. शब्द सोपा वाटला की तळटीप बघायची, असा आता आमच्या घरचा नियम आहे.

शेक्सपिअरला 'ओल्ड इंग्लिश' म्हणू नका, कृपा करा. ओल्ड इंग्लिश 'बेओवुल्फ' या जुन्या वीरकाव्याची. 1400 साली वारलेला चौसर मिडल इंग्लिशचा, आणि 1564 साली जन्मलेल्या शेक्सपिअरची भाषा आधुनिक इंग्रजीच, फक्त सुरुवातीच्या काळातली.

मनात वाचू देऊ नका. 'बेओवुल्फ'मध्ये यमक नसतं. ओळीचे दोन तुकडे सारख्या आरंभीच्या ध्वनीने बांधलेले असतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. 'नाइट'मधला (knight, म्हणजे सरदार) मुका 'क'सुद्धा चौसरच्या काळी बोलायचा: क्निख्त. मुलांना हे भारी आवडतं.

'बेओवुल्फ'मध्ये कोड्यासारखे जोडशब्द येतात: 'देवमाशाची वाट' म्हणजे समुद्र, 'हाडांचं घर' म्हणजे शरीर. हे लगेच सांगून टाकू नका, दोन मिनिटं गप्प बसा. पालकांना हेच जमत नाही.

आणि दहा वर्षांच्या मुलापुढे पहिल्याच दिवशी 'बेओवुल्फ'च्या 3182 ओळी ठेवणं ही पालकांची हौस असते, मुलाची नव्हे. एक्सेटर बुक या दहाव्या शतकातल्या ओल्ड इंग्लिश कवितांच्या हस्तलिखितातल्या कोड्यांपासून सुरुवात करा, भाषांतरातून चालेल. त्यातलं एक सहा ओळींचं आहे: अंधारातला एक चोर शब्द खातो, पण ते गिळून काडीचाही शहाणा होत नाही. मूळ कोड्यात पहिलाच शब्द 'पतंग' (उडणारा किडा) असा आहे, म्हणजे उत्तर तिथेच फुटतं. तेवढ्या शब्दावर बोट ठेवून वाचा.