डिस्कची नोंद वेगळी, जोडणीची वेगळी

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सांभाळायच्या आमच्या पहिल्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्राम ज्यातून मागण्या पाठवतात त्या रचनेत, डिस्क व्हीएमच्या पोटातच ठेवली होती: /व्हीएम/४२/डिस्क/७. दिसायला सुटसुटीत. मग एका रात्री दोन व्हीएमच्या क्लस्टरमधली एक आम्ही डिलीट केली आणि तिच्यासोबत दोघींची सामाईक डिस्कही गेली. दुसरी व्हीएम चालूच होती. तिच्या लॉगमध्ये आय-ओ एररच्या ओळी थांबेनात. बॅकअप होता म्हणून निभावलं. तेव्हापासून मी हे असं करते.

डिस्कला स्वतःचा पत्ता द्या: /डिस्क/७. त्या नोंदीत डिस्कचं स्वतःचं तेवढंच ठेवा: नाव, साइज, फॉरमॅट, स्टोरेज आणि सामाईक वापराची परवानगी. सातबारा गटाचा असतो, खातेदार बदलले म्हणून गट नंबर बदलत नाही, तसंच हे.

जोडणी ही दुसरी नोंद. कुठली व्हीएम, इंटरफेस (डिस्क व्हीएमला कुठल्या पद्धतीने जोडली आहे) व्हर्टआयओ की स्कझी, बूट इथून होतो का. एखादं फील्ड कुठे टाकायचं यावर टीममध्ये वाद झाला की मी एकच विचारते: हीच डिस्क दुसऱ्या व्हीएमला लावली तर हे मूल्य वेगळं असू शकतं का? असू शकत असेल तर ते जोडणीत. ‘रीड-ओन्ली’ इथे हमखास फसवतं. डिस्कचा गुण वाटतो, पण एक व्हीएम लिहिते आणि रिपोर्टवाली फक्त वाचते, म्हणजे तो जोडणीचाच. व्हीएम सांभाळणाऱ्या ओव्हर्ट या सॉफ्टवेअरनेही चौथ्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये ‘डिस्क अटॅचमेंट’ वेगळी काढून इंटरफेस आणि बूटेबल तिकडे हलवले.

जोडण्या कायम यादीच्या रूपात द्या, आज एकच असली तरी. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर क्लाउडमधल्या डिस्कमध्ये ‘मॅनेज्डबाय’ हे एकाच व्हीएमचं फील्ड होतं. सामाईक डिस्क आल्यावर शेजारी ‘मॅनेज्डबायएक्स्टेंडेड’ ही यादी जोडावी लागली. अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या (एडब्ल्यूएस) ईबीएस या डिस्क सेवेत अटॅचमेंट्स आधीपासून यादीच होती. २०२० मध्ये मल्टी-अटॅच आलं, एका व्हॉल्यूमला (म्हणजे डिस्कला) १६ इन्स्टन्सपर्यंत (म्हणजे व्हीएमपर्यंत), आणि ते त्याच रचनेत बसलं.

सुटी डिस्क म्हणजे रिकामी यादी. नल (‘मूल्यच नाही’) पाठवू नका. ‘सुटी आहे’ असा वेगळा फ्लॅगही साठवू नका, तो कधी ना कधी यादीशी विसंगत होतोच. मात्र शेवटची जोडणी कधी सुटली ती वेळ जरूर द्या. मायग्रेशनसाठी काल काढलेली डिस्क आणि दोन वर्षं पडून असलेली डिस्क सफाईच्या स्क्रिप्टला सारखी दिसता कामा नये.

आता डिलीट. जोडणी डिलीट केली तर डिस्क फक्त सुटावी, डेटाला हात लागू नये. डिस्क डिलीट करायला गेलं आणि जोडणी शिल्लक असेल तर ४०९ (‘कॉन्फ्लिक्ट’ हा एचटीटीपी एरर कोड) द्या आणि उत्तरात त्या व्हीएमचे आयडी लिहा:

त्रुटी: डिस्क ७ वापरात आहे. व्हीएम: ४२, ५१.

रात्री अडीचला हे वाचणाऱ्याला पुढे कुठे बघायचं ते लगेच कळतं. दोन जोडण्या असताना कुणी सामाईक परवानगी काढायला गेलं तरी ४०९च. ही तपासणी आणि बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, डेटाबेसमधल्या डिस्कच्या ओळीवर (रो) लॉक घेऊन करा. नाहीतर एकाच क्षणी आलेल्या दोन जोडण्या बिनपरवानगीच्या डिस्कवरही लागतात.

आणि सामाईक परवानगीच्या फील्डच्या वर्णनातच ठळक लिहा: दोन व्हीएमनी एकाच डिस्कवरच्या एक्स्ट४ किंवा एक्सएफएसवर एकदम लिहिलं तर फाइल सिस्टिम खराब होते. तिथे जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते, आणि ते काम एपीआय करत नाही.