जुन्या सोसायटीतला फ्लॅट नव्याने करायचा का? आधी भिंतीच्या आत बघा

दर दिवाळीच्या आधी घरात विषय निघतो, "यंदा घराचं काहीतरी करूया." मग कोणीतरी मॉड्युलर किचनचा फोटो दाखवतं आणि गाडी लॅमिनेटच्या रंगावर येऊन थांबते. इमारत तीस-पस्तीस वर्षांची असेल तर पहिली फेरी सोसायटीच्या ऑफिसात मारा.

1. इमारतीचं काय चाललंय ते विचारा

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून वाचा. अनेक ठिकाणी ते झालेलंच नसतं, आणि हेही कळलेलं बरं.

दुसरा प्रश्न पुनर्विकासाचा. जिन्यातल्या गप्पांवर जाऊ नका, कागद बघा. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते. सभेत ठराव होऊन विकसक ठरण्यापर्यंत मजल गेली असेल, तर गळती, धोकादायक वायरिंग आणि एक रंगाचा हात, एवढ्यावरच थांबा. नुसतीच चर्चा असेल तर ती दहा वर्षंही चालते, तोवर गळक्या मोरीत राहण्यात अर्थ नाही. मात्र अशा वेळी भिंतीत ठोकलेल्या फर्निचरपेक्षा सोबत नेता येईल असं सुटं कपाट मी कधीही पसंत करेन.

2. वस्तूंची नाही, त्रासांची यादी करा

"नवा ओटा हवा" असं लिहू नका. "कुकर उतरवला की टेकवायला जागा नाही", "मिक्सर लावायचा तर फ्रिजचा प्लग काढावा लागतो" असं लिहा. आठवडाभर ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला लिहू द्या, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्याला. निम्मे त्रास एका जादा प्लग-पॉइंटने किंवा एका फळीने सुटतात. उरलेल्यांसाठी तोडफोड.

3. पैसा आधी पाणी आणि विजेवर

जुन्या घरातले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. नळाला धार कमी येते म्हणून आपण नळ बदलत बसतो. टाइल काढणारच असाल तर सगळी लाइन सीपीव्हीसीची (न गंजणाऱ्या प्लास्टिक पाइपची) करून घ्या. नंतर त्यासाठी नव्या टाइल फोडणं जिवावर येतं.

वायरिंगमध्ये एसी आणि गीझरला बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. एसीला साधारण 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात. बोर्डावर एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो, माणसाला शॉक बसला तर पडेलच असं नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, बसवा. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे, टेप धरून, फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

बाथरूममध्ये घाई नको. वॉटरप्रूफिंग झालं की पाइपाचं तोंड बंद करून पाणी तुंबवा, दोन-तीन दिवस ठेवा आणि खालच्या काकूंच्या घरी जाऊन छत बघून या. ते कोरडं असेल तरच फरशी.

4. काय करायचं नाही

कॉलम-बीमला छिन्नी लावायची नाही. जुन्या बैठ्या घरात किंवा चाळीत तर भिंतीच भार पेलतात, तिथे "ही साडेचार इंची आहे, काढू" हा मिस्त्रीचा शब्द पुरेसा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. संडास खालच्या घराच्या बेडरूमवर सरकवायचा नाही. गॅसची पाइपलाइन हलवायची तर कंपनीलाच बोलवायचं.

जुन्या फरशीवर नवी घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. नव्या फरशीखालच्या दोन इंच सिमेंट-वाळूच्या मसाल्याचं वजन चौरस फुटाला साधारण दहा किलो होतं, म्हणजे 400 चौरस फुटांवर चार टन. फरशी काढायची नसेल तर अॅडहेसिव्हने पातळ टाइल चिकटवा, आणि दारं खालून तासावी लागतील हे धरून चाला.

5. परवानगी आणि कोटेशन

सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाच्या वेळा, डिपॉझिट, लिफ्ट आणि राडारोडा उचलण्याचं आधीच ठरवा. कंत्राटदार तिघे बघा, पण तिघांनाही एकच यादी द्या. नाहीतर एकाचा दर मजुरीचा आणि दुसऱ्याचा मटेरियलसह, मग तुलना कसली? प्लायची जाडी, वायरचा ब्रँड, टाइलचा आकार कोटेशनमध्येच लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के काम संपून महिना झाल्यावर. नळ, उतार, दारं यांच्या कुरबुरी त्याच महिन्यात कळतात.

6. मुहूर्त

पावसाळ्यात भिंती सुकत नाहीत, रंग फुगतो. गणपतीत कोकणातले कारागीर गावी जातात, दिवाळीआधी रंगारी मिळत नाही. जानेवारीत हातोडा पडला की मेपर्यंत आटोपतं. घरात एकच संडास-बाथरूम असेल तर तेवढ्या दिवसांपुरती दुसरीकडे सोय बघा. दोन असतील तर एकेक करून काढा, घर सोडावं लागत नाही.