सशांना रानपाला देताना रक्ताची तपासणी कशी करावी

ससा एखादा पाला आवडीने खातो, एवढ्यावरून तो त्याला मानवला असे ठरवता येत नाही. म्हणून नवा पाला सुरू करण्याआधीच पशुवैद्यकाकडून सशाच्या कानाच्या कडेच्या शिरेतून थोडे रक्त काढून घ्यावे आणि ते ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत तपासणीला पाठवावे. निरोगी प्रौढ सशाचे हिमोग्लोबिन साधारणपणे 10 ते 17 ग्रॅम प्रति डेसीलीटर आणि पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) 33 ते 50 टक्के असतो. पण ही मर्यादा इतकी ऐसपैस आहे की तुलनेला खरा उपयोगी पडतो तो त्याच सशाचा आधीचा आकडा.

एका वेळी एकच वनस्पती सुरू करावी. समजा एकदांडी निवडली, तर पहिल्या दिवशी मूठभरच द्यावी, वाळलेले गवत नेहमीप्रमाणे ठेवावे आणि लेंड्या घट्ट राहिल्या तरच प्रमाण हळूहळू वाढवावे. सशाच्या तांबड्या पेशी सुमारे दोन महिने जगतात, त्यामुळे दुसरी तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करणे योग्य. पहिल्याच आठवड्यात पीसीव्ही वाढलेला दिसला तर हुरळून जाऊ नये: ओल्या पाल्याने हगवण लागून अंगातले पाणी कमी झाले, तरी हा आकडा फुगतो. पांढऱ्या पेशींचेही तसेच आहे. धरपकडीने घाबरलेल्या सशात त्यांतला लिम्फोसाइट हा प्रकार घटतो आणि हेटरोफिल हा प्रकार वाढतो, म्हणून रक्त शांतपणे आणि दर वेळी साधारण एकाच वेळेला घ्यावे.

काटेमाठ जपून द्यावा, विशेषतः भरपूर खत पडलेल्या जागेतला, कारण त्यात नायट्रेट साठते. कापलेला पाला ढीग करून ठेवला की तो आतून तापतो, नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते पोटात गेल्यास हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. रक्त चॉकलेटी दिसू लागते. म्हणून कापलेला पाला पातळ पसरूनच ठेवावा. कांदा-लसणाच्या वर्गातला रानपाला (तांबड्या पेशी फुटतात), ब्रॅकन नेचा (अस्थिमज्जेला इजा होते) आणि बुरशी धरलेले स्वीट क्लोव्हर हे चाऱ्याचे झाड (रक्त गोठत नाही) मुळीच देऊ नयेत.

नव्या पाल्यानंतर लघवी लालसर झाली, तर ते रक्तच असेल असे नाही. वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळेही ती नारिंगी किंवा तांबडी होते. लघवी तपासण्याच्या पट्टीवर रक्ताची खूण उमटली, किंवा हिरड्या आणि पापणीची आतली बाजू फिकट पडली, तर तो पाला त्याच दिवशी बंद करून सशाला पशुवैद्यकाकडे न्यावे.