फॉर लूप लिहिताना या चुका टाळा

जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या प्रोग्रामिंग भाषेत फॉर लूप (तेच काम पुन्हापुन्हा करून घेणारी रचना) चुकला तरी ब्राउझर बहुतेक वेळा तक्रार करत नाही, आणि नवशिक्यांची खरी अडचण हीच असते. ‘फॉर’नंतरच्या कंसात काउंटरची (फेऱ्या मोजणाऱ्या व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाची) सुरुवातीची किंमत, अट आणि काउंटरमधील बदल हे तीन भाग अर्धविरामांनी वेगळे केलेले असतात. अट प्रत्येक फेरीच्या आधी तपासली जाते आणि काउंटर फेरी संपल्यावर बदलतो, एवढा क्रम पक्का ठेवावा.

सर्वांत जास्त आढळते ती एका फेरीची चूक. ॲरेतील, म्हणजे नोंदींच्या यादीतील, क्रमांक 0 पासून सुरू होतात, त्यामुळे 5 नावांच्या ॲरेत शेवटचे नाव 4 क्रमांकावर असते. अटीत काउंटर आणि ॲरेची लांबी यांच्यामध्ये ‘<’ ऐवजी ‘<=’ लिहिले की सहावी फेरीही होते, आणि 5 क्रमांकावर काहीच नसल्याने पाच नावांखाली ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द उमटतो. यादीच्या शेवटी तो दिसला, तर इतरत्र शोधाशोध करण्यापूर्वी अटीतील चिन्ह पाहावे.

पान गोठले आणि बटणेही दाबली जाईनात, तर अट कधीच खोटी ठरत नाही असे समजावे. बहुधा उलट मोजताना ‘--’ (एकने कमी करा) ऐवजी सवयीने ‘++’ (एकने वाढवा) लिहिलेले असते. यातला फसवा प्रकार दशांशांचा आहे. काउंटर 0 पासून 0.1 ने वाढवत ‘1 होत नाही तोवर’ अशी अट घातली, तर दहा बेरजांनंतर त्यात 0.9999999999999999 असते, पुढच्या बेरजेला तो 1 ओलांडतो आणि लूप थांबतच नाही. मोजणी पूर्णांकांत करून आत 10 ने भागावे.

कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यामुळे लूप रिकामाच फिरतो आणि महिरपी कंसातील मजकूर, म्हणजे प्रत्येक फेरीत चालायला हवा तो कोड, नंतर एकदाच चालतो. काउंटर ‘लेट’ या व्हेरिएबल घोषित करण्याच्या शब्दाने घोषित केला असेल आणि त्या मजकुरात वापरला असेल, तर निदान तो व्हेरिएबल सापडत नसल्याची एरर तरी येते, त्यासाठीचा जुना शब्द ‘व्हार’ मात्र चूक झाकून ठेवतो. 2015 पासून ‘लेट’ उपलब्ध असल्याने नव्या कोडमध्ये ‘व्हार’ वापरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

लूप चालू असताना ॲरेतून घटक काढल्यास पुढचे घटक एक जागा मागे सरकतात, काउंटर मात्र पुढे जातो, आणि लागून असलेल्या दोन नकोशा नोंदींपैकी दुसरी सुटते. अशा वेळी शेवटच्या क्रमांकापासून 0 पर्यंत उलटे मोजावे.