मासळी घेताना या चुका टाळा

‘नीट शिजवलं की सगळं मरतं’ हा समज सगळ्यात महागात पडतो. जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषं तशीच राहतात. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात. ते तळून, उकळून, गोठवूनही जात नाही. जिभेला तिखट चुणचुण, मग काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. लोक याला ॲलर्जी समजून तो मासाच कायमचा सोडतात. वासावरून हे दर वेळी कळत नाही. म्हणून घेताना मासा बर्फावर नुसता मांडलाय की बर्फात पुरलाय, ते बघा. घरी तो 4 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका.

ताजेपणा नुसत्या डोळ्यांवरून ठरवू नका. कल्ल्याचं झाकण उचला. आत लाल, ओलसर हवं. तपकिरी आणि चिकट दिसलं तर मासा परत ठेवा. पाठीवर बोट दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा.

मोठा मासा म्हणजे चांगला मासा, हीही चूकच. शार्क, तलवारमासा, मोठ्या जातीचा कुपा दुसरे मासे खाऊन वर्षानुवर्षं जगतात आणि त्यांच्यात मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं विषारी संयुग साचत जातं. ते मांसातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, त्यामुळे कातडी सोलून काही साधत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, तसंच लहान मुलं यांनी शार्क आणि तलवारमासा टाळावाच. समुद्रालाही हे मासे परवडत नाहीत. ऑरेंज रफी हा खोल समुद्रातला मासा 100 वर्षांहून जास्त जगतो आणि अंडी घालण्याजोगा व्हायलाच 20 वर्षांहून अधिक काळ लागतो. तारली एक-दोन वर्षांत तयार होते. मात्र लहान जात वेगळी आणि मोठ्या जातीचं पिल्लू वेगळं. पिल्लू घेऊ नका.

शिंपले जिवंतच घ्या. उघडा शिंपला टिचकी मारल्यावर मिटला नाही, तर टाका; शिजवून उघडला नाही, तरी टाका. विषारी शैवालाच्या पाण्यातले शिंपले मात्र शिजवूनही सुरक्षित होत नाहीत, म्हणून काढणीवर बंदी असलेल्या भागातला माल नको. पाळलेल्या शिंपल्यांना खाद्य घालावं लागत नाही; पाळलेल्या सामनला मात्र समुद्रातल्याच माशांपासून केलेलं खाद्यही लागतं.

पाकिटावर समुद्रातल्या मासळीसाठी एमएससी, पाळलेलीसाठी एएससी हे शिक्के शोधा; मासळी निसर्गाला जपून पकडली किंवा पाळली, याची ती खूण. हवाबंद पाकीट फ्रिजमध्ये वितळायला ठेवण्याआधी फोडा. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू हवा नसतानाच विष तयार करतो.