ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? एअर काढण्याआधी आणि काढताना

ब्रेक मऊ लागतोय म्हटलं की जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत जो तो एकच सांगतो, "एअर धरलीय, काढून टाका." असेलही. पण मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजून ड्रमपासून लांब गेले असतील किंवा मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं, रबर गेलं असेल, तर कितीही ऑइल ओता, पेडल होतं तिथंच राहतं. म्हणून निपलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या बोल्टला, पाना लावायच्या आधी नुसतं गाडीत बसा.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपेल. यानंतर भराभर दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर एक तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर लायनर लांब आहेत. दोन्हींतलं कोणतं ते हँडब्रेकवरून कळतं. हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि परत पेडल दाबा. आता एकदम वर लागलं तर मागचे लायनर अ‍ॅडजस्ट करून घ्या, एअर काढत बसू नका.

पेडल एकसारखं दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर प्रकरण वेगळं. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या पत्र्याला, रबरी होजच्या टोकांना ओल आहे का बघा. कुठंच ओल नाही, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइलही कमी होत नाही, तरी पेडल बसतंय, म्हणजे मास्टर सिलिंडर आतल्या आत सोडतोय. ते गॅरेजचं काम. गळती दिसली तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका.

आमची गाडी जुनी वॅगनआर, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एबीएसच्या गाडीतही साधं ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, होतं, पण हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली असेल तर ती काढायला गॅरेजचं स्कॅनर लागतं.

ऑइलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथं गैरसमज फार. "सोलापूरच्या उन्हानं ऑइल पातळ होतं" असं ऐकायला मिळतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो हे खरं, पण ब्रेक ऑइलला ४० अंश म्हणजे काहीच नाही. त्याचं वाकडं ओलाव्याशी. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायल्यावर हीच मर्यादा १४० वर येऊ शकते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आता तुळजापूरचं दर्शन घेऊन पाच माणसं भरलेली गाडी घाट उतरतेय आणि चालवणाऱ्याचा पाय सारखा ब्रेकवर आहे असं धरा. चाकाजवळचं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं. गाडी थंड झाली की पेडल परत ठीक, त्यामुळे मेकॅनिकला दाखवायला काहीच सापडत नाही. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा आणि ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, एवढंच त्यावर औषध.

कोणतं ऑइल घ्यायचं ते टाकीच्या झाकणावर छापलेलं असतं. दुकानात सीलबंद बाटलीच मागा. फडताळात उघडी पडलेली अर्धी बाटली फुकट मिळाली तरी नको. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही. नुसती हवा काढायला अर्धा लिटर पुरतं, सगळं बदलायचं असेल तर लिटर जवळ असू द्या.

मी मेडिकलच्या दुकानात काम करते, त्यामुळे सिरिंज हाताशी असते. टाकीतलं काळं झालेलं ऑइल मोठ्या सिरिंजनं ओढून नवं भरायचं, म्हणजे घाण लाइनमधून जात नाही. टाकी मात्र अगदी कोरडी करायची नाही. सलाइनची नळी निपलला बारीक पडते, फिश टँकच्या पंपाची पारदर्शक नळी घट्ट बसते. निपलला ८ किंवा १० चा रिंग पानाच वापरा, फिक्स पान्यानं कोपरे गोल होतात. निपल गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, लायनरवर किंवा पॅडवर उडू न देता. तरीही हललं नाही तर जोर करू नका. निपल तुटलं की कॅलिपरच (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलायची वेळ येते.

हे ऑइल रंग खातं. मडगार्डवर विटकी सोलापुरी चादर टाका आणि पाण्याची बादली भरून शेजारी ठेवा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांनी येतं, सांडल्यावर शोधायला जाऊ नका.

गाडी सपाट जागी, चाकांना विटा, जॅकवर उचलली तर खाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

आता मुख्य काम, आणि ते दोघांचं. पेडलवर माझे सासरे बसतात. मी त्यांना मामा म्हणते. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि पहिल्यांदा मी हे काढलं तेव्हा त्यांना हसू आवरेना. "आमच्यात हवेशिवाय ब्रेक लागत नव्हता, आणि तू हवा काढायलीस!" बरोबरच आहे, बसचा ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतो. आपल्या गाडीत ऑइल दबत नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. मध्ये हवा आली की तो जोर हवा दाबण्यातच जातो.

इंजिन बंद. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच धरा. नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. नळी आधी वर जाऊ द्या, मग बाटलीत, म्हणजे बुडबुडे दिसतात आणि परत आत ओढले जात नाहीत.

"मामा, दाबा." ते सावकाश दाबतात आणि ओरडतात, "धरलोय!" मी निपल पाव ते अर्धा फेरा उघडते, पेडल खाली जातं, ऑइल येतं. निपल बंद. मग मी म्हणते, "सोडा." हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पाय उचलला, की बाहेरची हवा आत. म्हणून ज्याला आपल्या हाकेशिवाय पाय न उचलण्याचा संयम आहे, अशाच माणसाला पेडलवर बसवा. आमच्याकडे मुलगा त्या परीक्षेत नापास झाला. पेडल भराभर मारायचं नाही, त्यानं ऑइलला फेस येतो. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल तळापर्यंत गेलं की आतलं रबर कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावरून सरकतं आणि फाटतं.

पाच-सहा दाबांनंतर टाकीत बघा. ऑइल मिनिमम रेघेच्या खाली गेलं आणि हवा ओढली गेली, तर पहिल्या चाकापासून परत. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल यायला लागलं की पुढचं चाक. निपल मनगटाच्या जोरावर आवळा, खांद्याच्या नको. रबरी टोपी परत लावा, नाहीतर निपलच्या तोंडात माती जाऊन पुढच्या वेळी तेच अडकतं.

सगळं झाल्यावर टाकी मॅक्सिममपर्यंत भरून झाकण लावा. इंजिन बंद असताना पेडल वर आणि कडक लागलं पाहिजे. दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली येईल, तो बूस्टर आहे, घाबरायचं नाही. मिनिटभर जोरात धरा आणि दुसऱ्यानं चारही निपल कोरडी आहेत का बघावं. मग गल्लीतल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी १०-१५ किलोमीटरनं, हात हँडब्रेकवर ठेवून. थेट विजापूर रोडला काढू नका. सगळं नीट करूनही पेडल मऊच असेल तर रबरी होज बघा. एकानं ब्रेक दाबला की फुगलेलं होज डोळ्यांना दिसतं.

काढलेलं ऑइल विषारी असतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवू नका, गटारीतही ओतू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ती गॅरेजमध्ये जळक्या ऑइलच्या डब्याशेजारी देऊन या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची पातळी परत बघा. उतरली असेल तर कुठल्या तरी जोडातून गळतंय, आणि मग गाडी गॅरेजला चालवत न्यायची नाही, ओढून न्यायची.